वक्फची जागा बिल्डरला द्यावी का?

प्रश्न : आजोबांनी मुंब्र्यातली जागा मशिदीच्या खर्चासाठी वक्फ केली, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमची दान दिली. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या गाळ्यांचं भाडं महिना ऐंशी रुपये. आता बिल्डर इमारत बांधून देतो म्हणतोय, बदल्यात अर्धी जागा कायमची मागतोय. जमातीतले काही तयार आहेत. काय करावं?

उत्तर : सही करू नका. वक्फची जमीन विकता, बक्षीस देता किंवा गहाण ठेवता येत नाही. असा व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो. जमात एकमताने राजी असली तरी फरक पडत नाही.

पण जागा पडीक ठेवावी असंही नाही. दुकानं, शाळा, दवाखान्यासाठी ती ३० वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने देता येते. त्याला वक्फ मंडळाची आणि राज्य सरकारची मान्यता लागते. मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. मुतवल्लीने (वक्फचा कारभार पाहणाऱ्याने) परस्पर केलेल्या करारनाम्याला किंमत नाही.

त्याआधी कागद. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि मालकाच्या रकान्यात मशिदीचंच नाव आहे ना, ते बघा. ठाण्यात वकिली करताना मी अशा उताऱ्यांवर भाडेकरूची नावं चढलेली पाहिली आहेत, आणि जीव तुटतो. कुणी घुसलं असेल तर लगेच हालचाल करा: वक्फ कायद्यातल्या २०२५ च्या दुरुस्तीने दावा लावण्याच्या मुदतीच्या कायद्यातून वक्फला असलेली सूट काढली आहे, त्यामुळे उशीर केला तर दावा मुदतबाह्य ठरू शकतो. वक्फ मालमत्तांची नोंद होते त्या केंद्र सरकारच्या ‘उमीद’ पोर्टलवर या जागेची नोंद झाली का, हे मुतवल्लीला लेखी विचारा.

ऐंशी रुपये भाडं म्हणजे आजोबांच्या दानाची चेष्टा आहे. ते वाढवण्याचा प्रस्ताव आधी मंडळाकडे द्या.