तोटा ठरवून करावा

चिरंजीवास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मालिकांच्या निर्मितीतून गाठीशी आलेला पैसा नाटकात घालावा की नाही, हा तुझा प्रश्न वाचला. त्याच पत्रात चित्रपटाने नाटक मारले, हे आपल्या व्यवसायातले ठेवणीतले वाक्यही तू लिहिले आहेस. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला ज्या निर्मात्याच्या आयुष्यात सापडते, त्या पृथ्वीराज कपूर यांनी या वाक्याचा व्यवहार उलटा फिरवला होता.

१९३१ च्या मार्चमध्ये गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या नाटक कंपन्या एकामागून एक बसल्या, त्यांची नाट्यगृहे चित्रपटगृहे झाली. त्या बोलपटात पृथ्वीराज होते. त्यानंतर ते ग्रँट अँडरसन यांच्या मंडळीबरोबर इंग्रजी नाटके करत हिंडले, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नावारूपाला आले, आणि १९४१ च्या ‘सिकंदर’नंतर तर त्यांना पडद्यावर कशाचीच उणीव राहिली नव्हती. अशा वेळी, १९४४ मध्ये, त्यांनी पृथ्वी थिएटर्स ही हिंदुस्तानी नाटकांची फिरती संस्था काढली. मुंबईतले त्यांचे प्रयोग बहुतेक ऑपेरा हाऊसमध्ये, तेही सकाळी होत, कारण एरवी तिथे चित्रपट चालत. ज्या माध्यमाने नाटकाची जागा घेतली, त्याच माध्यमाच्या मानधनावर आणि त्याने रिकाम्या ठेवलेल्या वेळेत हा माणूस नाटक करत होता.

सोळा वर्षांत या संस्थेचे २,६६२ प्रयोग झाले. हा आकडा वाचून पुढे जाऊ नकोस, तो निर्मात्याच्या नजरेने पाहा. वर्षाला सरासरी १६६ प्रयोग, म्हणजे एक दिवसाआड प्रयोगाच्या जवळपास, आणि तेही देशभर रेल्वेने सगळे बिऱ्हाड हलवत. कलाकार नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक पैशांवर, नव्हते, त्यांना महिन्याचा पगार होता, म्हणजे प्रयोग लागो वा न लागो, खर्च थांबत नसे. आज आपण पाच पात्रे आणि एका टेम्पोत मावेल एवढे नेपथ्य बेतून संहिता निवडतो आणि तरीही दौऱ्याचे गणित जुळत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. असा संसार तिकिटांवर चालत नाही, हे पृथ्वीराजांना ठाऊक होते. पडद्यावरची कमाई ते त्यात ओतत राहिले.

तुला मी सांगू पाहतो ते नेमके हेच आहे. तोटा दोन प्रकारचा असतो. एक आपण ठरवून, त्याची रक्कम माहीत असताना सोसतो, आणि दुसरा हिशेबाच्या वहीत लपून बसतो. माझ्या उमेदीच्या काळात मी एका चालत्या नाटकाचा गल्ला गुपचूप दुसऱ्या नाटकाच्या सेटमध्ये घातला आणि दोन महिने पडद्यामागच्या मुलांचे पैसे थकवले. नाटक चांगले होते, म्हणून मी स्वतःला माफ करत राहिलो. त्या मुलांतला एकजण पुन्हा कधी माझ्या नाटकाला उभा राहिला नाही, आणि त्यात त्याचे काहीही चुकले नव्हते.

पृथ्वीराजांनी पैसा कशासाठी घातला, हेही बघ. सुरुवात ‘शकुंतला’ने झाली, पण लगेच १९४५ मध्ये ‘दीवार’ आले. त्यात भावाभावांत उभी राहणारी भिंत फाळणीच्या दोन वर्षे आधी रंगमंचावर दिसली. मग ‘पठाण’, ‘गद्दार’, ‘आहुती’ अशी नाटके त्या जखमेभोवतीच फिरत राहिली. प्रयोग संपला की पृथ्वीराज दाराशी मान खाली घालून झोळी पसरून उभे राहत. ती झोळी संकटात सापडलेल्यांच्या मदतीसाठी होती. दानाचे पैसे आणि संस्थेचे पैसे एकमेकांत मिसळू न देणे, हा मोठेपणा मला त्यांच्या अभिनयाइतकाच वाटतो. (अभिनय कधी कधी जरा चढाच वाटतो, हे तुझ्यापाशी कबूल करायला हरकत नाही.)

मात्र एका बाबतीत त्यांचे अनुकरण करू नकोस. प्रत्येक नाटकात मुख्य भूमिका त्यांचीच असे. लोक त्यांना पाहायला येत, हे खरे, पण त्यामुळे पूर्ण संस्था एका माणसाच्या घशावर उभी राहिली. १९५७ मध्ये त्यांनी ‘पैसा’ या आपल्याच नाटकाचा चित्रपट दिग्दर्शित केला. तोवर आवाज आणि प्रकृती दोन्ही कुरकुरू लागली होती. १९६० मध्ये पृथ्वी थिएटर्स बंद झाले, आणि त्याच वर्षी ‘मुघल-ए-आझम’मधला त्यांचा अकबर देशभर गाजत होता. भूमिका वाटून दिल्या असत्या, तर निदान दौरे चालू राहिले असते, असे मला वाटते. तू स्वतः नट नाहीस, त्यामुळे हा मोह तुला होणार नाही, पण प्रत्येक कागदावर आपलीच सही हवी, हाही त्याच जातीचा मोह आहे.

संस्थेच्या वादकांतले शंकर आणि जयकिशन १९४९ च्या ‘बरसात’चे संगीतकार झाले. ‘आग’ला संगीत देणारे राम गांगुलीही पृथ्वीतलेच. राज कपूर यांच्या चित्रपटांना घडलेली माणसे तिथून मिळाली. पण ही जमा पृथ्वी थिएटर्सच्या वहीत कधीच आली नाही, आणि तुझ्याही येणार नाही, म्हणून अंदाजपत्रकात तिच्यासाठी रकाना ठेवू नकोस.

पुढच्या रविवारी येशील तेव्हा संहिता आणू नकोस. मालिकेतून वर्षाकाठी नक्की किती उरते, त्यातले किती गेले तरी घर चालेल, आणि किती माणसांना किती महिने पगार देऊ शकशील, एवढे एका कागदावर लिहून आण. त्या रकमेत किती प्रयोग बसतात, ते आपण दोघे मिळून पाहू.

तुझा,
एक जुना नाट्यनिर्माता