सिंगापूरमध्ये ओ-लेव्हलच्या (सेकंडरी शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या) आधीच ईएईतून पॉलिटेक्निकला प्रवेश घ्यावा का, की ज्युनियर कॉलेजच बरं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी इथल्या सरकारी शाळेत सेकंडरी थ्रीला आहे, मार्क बरे आहेत, शाळेतून ईएईबद्दल (अर्ली अ‍ॅडमिशन्स एक्सरसाइज, म्हणजे निकालाआधीच पॉलिटेक्निकची जागा) सांगितलं, आणि घरचे मात्र म्हणतायत की ही कमी मार्कवाल्यांची पळवाट आहे. आमच्या घरी 2022 मध्ये हाच वाद झाला होता. म्हणून आधी आमचं सांगते.

आमची लेक सेकंडरी वनपासून मांजरांमागे. एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी इमारतींतल्या, घरात मांजर पाळायला सप्टेंबर 2024 पर्यंत परवानगीच नव्हती, त्यामुळे घरात एकही नाही, पण ब्लॉकखालची सगळी मांजरं तिची. शेजारच्या ब्लॉकमधल्या एक चिनी आजी त्यांना खायला घालायच्या, त्यांच्या हाताखाली ही तयार झाली. नसबंदीसाठी मांजर धरायचं असेल तर आदल्या दिवशी त्याचं खाणं थांबवायचं, म्हणजे ते भुकेनं पिंजऱ्यात शिरतं. आत ट्यूना ठेवायचा, दार पडलं रे पडलं की पिंजऱ्यावर टॉवेल टाकायचा. अंधार झाला की मांजर शांत होतं. नसबंदी झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं असतं. ही लांबून कान बघून सांगायची, "आई, हिचं झालंय, त्याचं राहिलंय." एका वहीत सगळ्यांची नोंद: रंग, कान, कुठे दिसलं, खाल्लं की नाही, लंगडत होतं का. ती वही मी एकदा रद्दीत घातली होती, तिनं गठ्ठ्यातून शोधून परत काढली.

तिला व्हेटरनरी टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा करायचा होता. म्हणजे प्राण्यांच्या दवाखान्यातली नर्स म्हणा. नवऱ्याचं म्हणणं, इतके मार्क पडतायत तर ज्युनियर कॉलेज कर, मग विद्यापीठ. सासूबाईंनी सांगलीहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "गुरांच्या डॉक्टरची कंपाउंडर होणार का?" आणि खरं सांगते, मीसुद्धा मनातून त्यांच्याच बाजूची होते. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्यांना काय सांगायचं, हा विचार माझ्या डोक्यात मुलीच्या आवडीच्या आधी आला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता पळवाटेबद्दल. ईएईमध्ये ओ-लेव्हलचा निकाल लागायच्या आधी, मुलाचा कल आणि आवड बघून जागा देतात, पण ती सशर्त असते. अर्ज जून-जुलैच्या सुमारास भरायचे. तीन पसंती देता येतात. मग ज्या त्या पॉलिटेक्निकप्रमाणे मुलाखत, एखादी चाचणी, केलेल्या कामाचे नमुने. ऑफर परीक्षेच्या आधी हातात येते. तरी जानेवारीत निकाल लागला की नेट ईएलआर2बी2, म्हणजे इंग्रजी, दोन संबंधित विषय आणि उरलेले दोन सर्वांत चांगले, यांची बेरीज 26 किंवा त्याहून कमी लागते (इथे आकडा जितका लहान तितकं चांगलं, हे भारतातल्या नातेवाइकांना समजावताना माझी नेहमी दमछाक होते). शिवाय त्या अभ्यासक्रमाच्या विषयवार किमान अटी असतात. त्या जमल्या नाहीत तर ऑफर जाते. म्हणजे अभ्यासातून सुटका नाही. फायदा इतकाच, की ज्या कोर्सला एरवी खूप चुरस असते तिथे एका आकड्यावरून बाहेर पडायची वेळ येत नाही.

ही पद्धत 2016 पासून आली आणि सध्या पॉलिटेक्निकच्या एकूण जागांपैकी 15 टक्क्यांपर्यंत जागा अशा भरता येतात. बाकीच्या बहुतेक मुलांना जानेवारीतल्या जेएईची (ओ-लेव्हलच्या मार्कांवर होणाऱ्या एकत्रित प्रवेशाची) वाट आहेच. त्यामुळे ईएईत निवड नाही झाली तर काही बिघडत नाही, निकालानंतर पुन्हा अर्ज करता येतो. अडचण उलट बाजूला आहे, आणि ती नीट समजून घ्या: ऑफर स्वीकारली आणि अटी पूर्ण झाल्या की जेएईत भाग घेता येत नाही. ओ-लेव्हलला अनपेक्षित छान मार्क पडले म्हणून मग ज्युनियर कॉलेजकडे वळू, असं चालत नाही. आमच्या ओळखीत एका घरी असं झालं, मुलगा ऑफर घेऊन बसला आणि निकालाच्या दिवशी रडला. त्याला तो कोर्स हवाच नव्हता, जागा पक्की होतेय म्हणून वडिलांनी घ्यायला लावली होती.

अर्जात तो कोर्स का हवा हे सहाशे अक्षरांत लिहायचं असतं. शब्द नव्हे, अक्षरं, त्यात मोकळी जागाही मोजतात. नवऱ्यानं रात्री बसून एक सुंदर परिच्छेद लिहून दिला: लहानपणापासून प्राण्यांबद्दल करुणा, समाजाची सेवा, वगैरे. तिनं वाचला आणि म्हणाली, "बाबा, हे कुणाचंही असू शकतं." मग तिनं आपला लिहिला. सुरुवातच अशी, की एका वर्षात अकरा मांजरं धरली, त्यातली दोन पिंजऱ्यातून निसटली, आणि ती का निसटली. आमच्या दोघांचंही तोंड गप्प झालं.

मुलाखतीला ती ती वही घेऊन गेली. परत आली तेव्हा मी विचारलं काय विचारलं गं. म्हणाली, प्राणी आवडतात का असं कुणी विचारलंच नाही. दुखावलेलं जनावर चावलं तर काय करशील, मालकाला इलाज परवडत नसेल आणि जनावर कायमचं झोपवायची वेळ आली तर त्या खोलीत थांबशील का, दिवसभर विष्ठा आणि उलटी साफ करायला लागली तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाला तिनं सांगितलं की रोजच करते. वहीची पानं त्यांनी बराच वेळ चाळली.

म्हणून तुमच्या मुलीबद्दल माझं मत एका गोष्टीवर ठरेल: कुणी न सांगता, मार्क न मिळता, ती कशात हात घालते? असं काही असेल तर ईएई तिच्यासाठीच आहे. नसेल, किंवा दर सहा महिन्यांनी बदलत असेल, तर त्यात कमीपणा काही नाही, सोळाव्या वर्षी बहुतेकांचं तसंच असतं, आणि अशा मुलांनी जेएईपर्यंत थांबावं. पण अर्जासाठी म्हणून तीन महिन्यांत आवड तयार करू नका. मुलाखतीची तयारी करून घेणारे क्लासही आहेत. मुलीच्या जागी क्लासचं उत्तर बोलायला लागलं की समोरच्यांना ते कळतं.

आयटीईचंही (आपल्या आयटीआयसारखी इथली संस्था) ईएई असतं, ओ-लेव्हलच्या आणि एन-लेव्हलच्या (त्याहून सोप्या शालान्त परीक्षेच्या) मुलांसाठी. आपल्या लोकांत त्याचं नावही कुणी काढत नाही. इथली मुलंसुद्धा आयटीईला "इट्स द एंड" म्हणून चिडवायची. मला ते ऐकलं की त्रास होतो, कारण तिथून हायर नायटेक (आयटीईचा वरच्या पातळीचा कोर्स) करून पॉलिटेक्निकला गेलेली मुलं लेकीच्या वर्गात आहेत आणि प्रॅक्टिकलला तीच सगळ्यात सफाईदार. आयटीईच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही पॉलिटेक्निकच्या ईएईत अर्ज करता येतो.

माझा मामेभाऊ सांगलीत आयटीआयला टर्नर झाला. दहावीला मार्क कमी पडले म्हणून गेला, घरात कुणी पेढे वाटले नाहीत. खरं तर तो शाळेत असतानाच गल्लीतल्या सगळ्या सायकली खोलून बसायचा. आपल्याकडे आयटीआयची गुणवत्ता यादी दहावीच्या टक्क्यांवर लागते. महाराष्ट्रात 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली, पण तिच्या निकालावर कुठली जागा मिळत नव्हती, कागद घरी आला आणि कपाटात गेला. हाताला येणारं काम बघून त्याला कुणी आधीच बोलावलं असतं, तर तो टर्नर म्हणून ताठ मानेनं गेला असता, हे मला लेकीच्या वेळी पहिल्यांदा जाणवलं.

तुमच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. तुम्ही एम्प्लॉयमेंट पासवर आहात असं लिहिलंय. परदेशी विद्यार्थ्याची फी बरीच जास्त असते, आणि सरकारी ट्यूशन ग्रँट घेतली तर शिक्षण झाल्यावर तीन वर्षं सिंगापूरमध्ये नोकरी करायचं बंधन येतं. हे अर्जाच्या आधी घरात बोलून घ्या. दुसरं, 2027 पासून ओ आणि एन-लेव्हल जाऊन एसईसी (सेकंडरी एज्युकेशन सर्टिफिकेट) ही एकच परीक्षा येतेय. मुलगी 2026 ला बसेल तर ती ओ-लेव्हलच्या शेवटच्या तुकडीत, त्यामुळे पुढच्या तुकड्यांसाठीची माहिती वाचून गोंधळू नका.

आमची लेक आता तिसऱ्या वर्षाला आहे, दवाखान्यात इंटर्नशिप चालू आहे. सासूबाई आता फोनवर गोठ्यातल्या कालवडीच्या डोळ्याला पाणी का येतं हे तिला विचारतात.

जानेवारीत पॉलिटेक्निकची ओपन हाऊस असतात. मुलीला घेऊन जा. तुम्ही दोन पावलं मागे राहा, प्रश्न तिला विचारू द्या, आणि ती आपणहून कुठल्या टेबलापाशी रेंगाळते ते बघून ठेवा. जून यायला तेवढा वेळ पुरतो.