वर्तन विश्लेषणात कोणकोणत्या शाखा असतात, आणि तुम्ही या क्षेत्रात का आलात?

बहुतेकांना वर्तन विश्लेषण म्हणजे स्वमग्न मुलांची थेरपी एवढंच ठाऊक असतं. मी त्याच कामात आहे, पण वर्तन कशामुळे घडतं आणि कसं बदलतं याचा अभ्यास करणारं हे क्षेत्र त्याहून बरंच मोठं आहे.

सगळ्याच्या मुळाशी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचा मूलगामी वर्तनवाद आहे, ही झाली तात्त्विक शाखा. विचार आणि भावना हेही वर्तनच, त्यांची कारणंही माणसाच्या अनुभवात आणि परिस्थितीत शोधायची, ही त्याची भूमिका. त्यावर उभी आहे प्रायोगिक शाखा, म्हणजे उंदीर, कबुतरं आणि माणसांवरचे प्रयोग. बक्षीस अधूनमधून मिळत आलेलं असेल तर ते बंद झाल्यावरही वर्तन चिवटपणे टिकतं, हे तिथलंच ज्ञान. एरवी न ऐकणारे पालक कधीतरी हट्टापुढे नमतात, तेव्हा हट्ट का पक्का होतो ते यावरून कळतं. तिसरी उपयोजित शाखा, म्हणजे हे ज्ञान लोकांच्या रोजच्या अडचणींवर वापरणारी. 1968 साली तिचं स्वतंत्र नियतकालिक निघालं आणि पहिल्याच अंकात बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी तिचे निकष मांडले. शिक्षण, पुनर्वसन, कामाच्या जागची सुरक्षितता, प्राण्यांचं प्रशिक्षण, सगळीकडे ती पोचली आहे. प्रत्यक्ष सेवा देणाऱ्यांची शाखा काही जण वेगळी धरतात.

मला ओढून आणलं ते 1982 मधल्या संशोधक ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांच्या कामाने. स्वतःला इजा करणाऱ्या मुलांना त्यांनी वेगवेगळ्या परिस्थितींत पाहिलं. कुणी लक्ष मिळावं म्हणून मारून घेत होतं, कुणी काम टळावं म्हणून. वरून वर्तन एकच, कारणं निराळी, म्हणून उपायही निराळे. समजा, गणिताचा कागद पुढे आला की मूल कपाळ आपटतं आणि घाबरून कागद उचलला जातो. त्या मुलाला 'थोडं थांबू या' सांगणारं कार्ड द्यायला शिकवलं आणि कार्ड दिल्यावर खरोखर थांबलं, तर आपटण्याची गरजच उरत नाही. 'हा असाच आहे' म्हणून ज्याला सोडून दिलं, त्याला काय म्हणायचंय ते असं शोधून काढता येतं, यासाठी मी या क्षेत्रात आहे.

यायचं असेल तर या क्षेत्रावरची टीकाही वाचा. जुन्या पद्धतींमध्ये शिक्षा होत्या, नजरेला नजर द्यायची सक्ती होती. त्याबद्दल स्वमग्न प्रौढ जे सांगतात ते मला अभ्यासक्रमाइतकंच महत्त्वाचं वाटतं. आणि प्रायोगिक शाखेचे विषय टाळू नका. नुसतं तंत्र शिकलेला माणूस ते चाललं नाही की तिथेच अडतो.