'आइनवाइशन': कपडे भिजत घालण्याचं जर्मन क्रियापद

प्रश्न असा आहे: जर्मनमध्ये कपडे भिजत घालणे म्हणजे 'आइनवाइशन', आणि बाजूला होणे, माघार घेणे यालाही 'वाइशन'च म्हणतात. मग भिजवण्यात माघार कुठून आली?

दिसायला एकच असली तरी ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. (त्यातला 'श' आपला नव्हे; श आणि ह यांच्या मधला, टाळूला घासून जाणारा श्वास.) पहिलं माघारीचं, त्याचा भूतकाळ 'विश'. दुसरं 'वाइश', म्हणजे मऊ, या विशेषणापासून बनलेलं: मऊ करणे. 'वार्म'पासून 'वेर्मन' (ऊब देणे), 'हार्ट'पासून 'हेर्टन' (कडक करणे), तसंच हे. अशा क्रियापदांचा भूतकाळ नेहमी 'टे' लावून होतो. म्हणून 'इश वाइश्टे दी वेशे आइन', मी कपडे भिजत घातले. पण 'इश विश आउस', मी बाजूला झालो. शिकणाऱ्यांची गल्लत नेमकी इथे होते. भूतकाळ पाहिला की कुठलं क्रियापद ते लगेच कळतं.

'आइन' म्हणजे आत, इथे पाण्याच्या आत. 'आइनटाउखन' (बुडवणे), 'आइनलेगन' (मुरत घालणे) यांतही तोच. एकूण अर्थ: पाण्यात ठेवून मऊ करणे. आपण 'भिजत' म्हणतो तेव्हा ओलं होणं सांगतो. जर्मन शब्द भिजून काय व्हायचं ते सांगतो, आणि धुणाऱ्याला तेच तर हवं असतं. मशीन येण्याआधी कपडे उकळायच्या आदल्या रात्री सोड्याच्या पाण्यात टाकायचे, म्हणजे चिकट मळ सुटायचा. हेन्केल या जर्मन कंपनीने 1878 साली धुण्याचा सोडा विकायला आणला. आपल्याकडे साबणाची पावडर म्हणून माहीत असलेलं 'हेन्को' हे नाव जर्मनीत याच भिजत घालायच्या सोड्याचं होतं.

तरीही विचारणाऱ्याची शंका अगदीच वावगी नाही. खूप मागे गेलं तर 'वाइश' हे विशेषणही माघारीच्याच धातूपाशी पोचतं: मऊ म्हणजे बोटाने दाबल्यावर आत जाणारं, नमणारं. नातं खरं आहे, फक्त जुनं आहे.

वापराचं एक सांगायला हवं. चणे, मसूर रात्रभर भिजत घालायचे तरी 'आइनवाइशन'च. पण पावसाने वाट चिखलाची झाली, की 'आउफवाइशन'. नियम सैल केले तरी तेच. तिथे 'आइन' चालत नाही.