ज्यूद्वेष, ज्यूविरोध की सेमिटिकविरोध?

प्रश्न असा आला आहे. अमेरिकेत राहणाऱ्या एक वाचक तिथल्या क्विल्ट शिवणाऱ्यांच्या मंडळात जातात. मंडळातल्या एका ज्यू बाईंनी, सुईदोऱ्याच्या या जगात आपल्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं, यावर एक टिपण लिहिलं. पुण्यात गोधड्या शिवणाऱ्या आपल्या मैत्रिणींना ते मराठीत वाचायला द्यावं, असं या वाचकांच्या मनात आहे. पण मथळ्यापाशीच अडलं: कापडकाम करणाऱ्या ‘कम्युनिटी’तला ‘अँटिसेमिटिझम’ आणि ज्यूंचं ‘बिलाँगिंग’, असा तो मथळा. ‘अँटिसेमिटिझम’ला कुणी ‘सेमिटिकविरोध’ सुचवला, कुणी ‘ज्यूविरोध’, कुणी ‘यहुदीद्वेष’. एका गृहस्थांची हरकत अशी की अरबही सेमिटिकच, तेव्हा मूळ शब्दच चुकीचा. मथळ्याच्या उत्तरार्धात ‘बिलाँगिंग’ आहे, म्हणजे आपण इथलेच असणं. त्यासाठी त्यांनी ‘ज्यूंना सामावून घेणे’ असं लिहिलंय, पण ते मनाला पटत नाही, असंही कळवलंय.

पहिल्याचं उत्तर आधी सांगते: ‘ज्यूद्वेष’ लिहा.

‘सेमिटिक’ हा मुळात भाषांच्या कुळाला दिलेला शब्द. बायबलातल्या नोहाचा मुलगा शेम, त्याच्या नावावरून श्लोत्सर या जर्मन अभ्यासकाने 1781 मध्ये हिब्रू, अरबी, अरामी या भाषांना हे नाव दिलं. पुढच्या शतकात भाषेचं नाव वंशाला चिकटवण्याची खोड युरोपला लागली. जर्मनीत ज्यूंच्या तिरस्काराला आधीपासून ‘यूडेनहास’ हा शब्द होता, त्याचा शब्दशः अर्थ ज्यूद्वेष. विल्हेल्म मार नावाच्या पत्रकाराला तो अडचणीचा होता. ज्यूंच्या धर्माशी माझं भांडण नाही, त्यांच्या वंशाशी आहे, असं त्याचं म्हणणं. 1879 मध्ये त्याने ‘अँटिसेमिट’ हे बिरुद मिरवणारी संघटनाच काढली आणि तिथून हा शब्द युरोपभर गेला. म्हणजे उघड्या द्वेषाला शास्त्राचा अंगरखा घालण्यासाठीच त्याचा प्रसार झाला. आपण मराठीत ‘सेमिटिकविरोध’ लिहिलं तर तो अंगरखा तसाच राहतो, आणि पुण्यातल्या वाचणारीला तर हा कशाचा विरोध आहे हेच कळत नाही.

अरबांच्या मुद्द्याचं. शब्दाची व्युत्पत्ती आणि शब्दाचा अर्थ एकच असता, तर आपल्याला शेंगदाण्याच्या तेलाला तेल म्हणता आलं नसतं, कारण तेल तिळाचंच. मारने शब्द वापरला तेव्हापासून आजपर्यंत तो ज्यूंच्याच द्वेषासाठी वापरला गेला. अरबांचा द्वेष होत नाही असं नाही. तो होतो, आणि त्याला अरबद्वेष हे स्वच्छ नाव आहे. इंग्रजीतही अलीकडे हा शब्द मधली रेघ न देता, सलग लिहावा असा आग्रह धरला जातो. रेघ दिली की ‘सेमिटिझम’ नावाचं काहीतरी खरोखर आहे आणि हे त्याच्या विरुद्ध आहेत, असा भास होतो.

आता ‘विरोध’ की ‘द्वेष’. विरोध हा मताला, कायद्याला, धोरणाला करतात. विरोधाला कारण लागतं, आणि ते कारण दूर झालं की विरोध मावळतो. माणसाने काय केलं हे न पाहता तो कोण आहे एवढ्यावर उठतो तो द्वेष. ‘ज्यूविरोध’ म्हटलं की जणू दोन बाजू आहेत, दोघांचं ऐकून घेतलं पाहिजे, असा सूर लागतो. म्हणून द्वेषच. करणारा तो ज्यूद्वेष्टा, आणि विशेषण हवं असेल तर ज्यूद्वेषी.

‘यहुदीद्वेष’ चुकीचा नाही. ‘यहुदी’ फारसी-अरबीकडून आला, ‘ज्यू’ इंग्रजीकडून, दोन्ही मराठीत रुळलेत आणि दोन्हींत अपमान नाही. टिपणात एकच धरून चला म्हणजे झालं. मात्र ‘इस्रायली’ हा शब्द ज्यू या अर्थाने अजिबात वापरू नका. आपल्याकडे इथे घोळ व्हायला जागा आहे, कारण रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेल्या मराठी ज्यूंना आपण बेने इस्रायल म्हणतो आणि जुन्या मराठीत नुसतं ‘इस्रायल लोक’ असंही म्हणत. ती इस्रायल देशाच्या कितीतरी आधीची गोष्ट. तो देश झाला 1948 मध्ये. केहीमकर, पेणकर, रोहेकर ही आडनावं गावांची आहेत, शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं, आणि त्या नावात नुसतं निरीक्षण होतं, द्वेष नव्हता. आज मात्र ‘इस्रायली’ म्हणजे त्या देशाचा नागरिक. एखादी बाई अमेरिकेत जन्मली, तिथेच क्विल्ट शिवते, आणि तिने टाका दाखवायला हात पुढे केला की तिला त्या देशाच्या सरकारच्या वागण्याचा जाब विचारला जातो. सरकारवर हवी तितकी टीका करावी, ती ज्यूद्वेष नव्हे. पण ती टीका शिवणकामाच्या टेबलाशी बसलेल्या ज्यू बाईकडून हिशेब मागण्याचं निमित्त झाली की तो ज्यूद्वेषच झाला. टिपणात हे नेमकं यायचं असेल तर ज्यू आणि इस्रायली हे शब्द वेगळे राहिलेच पाहिजेत.

आणखी एक शब्द टाळा: सावकार या अर्थी ‘शायलॉक’. मराठी लिखाणात तो सर्रास येतो आणि लिहिणाऱ्याच्या मनात ज्यूंविषयी काही नसतंही. पण शेक्सपिअरचा हा व्हेनिसकर ज्यू, आपल्या गॅबर्डीनवर थुंकलं गेलं अशी तक्रार करतो, आणि नेमकी तीच ओळ आपण विसरतो. तिथलं गॅबर्डीन म्हणजे लांब झगा. आपल्याला ठाऊक असलेलं पँटीचं कापड बरंच नंतरचं.

व्हेनिसवरून मुख्य गोष्टीकडे येते, कारण तुमचा दुसरा प्रश्न तिथेच सुटतो. युरोपात विणकर, शिंपी, रंगारी यांचे संघ होते आणि ते ख्रिस्ती बांधवांचे संघ होते. प्रत्येक संघाचा संत वेगळा, शपथ ख्रिस्ती. ज्यूला तिथे शिरकाव नाही. मग उरायचं काय, तर जुने कपडे. 1555 मध्ये पोप चौथा पॉल याने रोमच्या ज्यूंना भिंतीआड कोंडलं, ठरावीक रंगाच्या खुणेचा पोशाख सक्तीचा केला आणि चिंध्या व जुने कपडे यांखेरीज दुसऱ्या मालाचा व्यापार करायला बंदी घातली. उसवा, ठिगळ लावा, रफू करा, विका. रफू जिथे दिसत नाही तिथे तो उत्तम, हे कसब त्या कोंडवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलं.

आणि ज्या हातांना नवं कापड विकायची मुभा नव्हती, त्यांनी देवासाठी काय शिवलं ते पाहावं. जर्मन ज्यूंमध्ये विम्पेल नावाचा पट्टा असतो. मुलाच्या सुंतेच्या वेळी त्याला ज्या कापडात धरलं, ते कापड धुऊन त्याच्या लांब पट्ट्या कापतात, टोकाला टोक जोडून तीन-साडेतीन मीटरची एक पट्टी करतात आणि तीवर बाळाचं नाव, बापाचं नाव, जन्मतिथी भरतकामाने उतरवतात. पुढे आशीर्वाद: हा तोराहपर्यंत (म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथापर्यंत), लग्नमंडपापर्यंत आणि सत्कर्मांपर्यंत वाढो. अक्षरांच्या पोटात पक्षी, मासे, लग्नाचा मांडव. मूल थोडं मोठं झालं की ही पट्टी प्रार्थनामंदिरात देतात आणि तोराहची गुंडाळी तिने बांधतात. तुमच्या पुण्याच्या मैत्रिणींना हे समजावून सांगावं लागणार नाही. बाळाच्या दुपट्यात आजीच्या लुगड्याचा तुकडा घालणाऱ्या बायका आहेत त्या.

त्याहून जुनी एक खूण आपल्या घरचीच आहे. हिब्रू बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकात इराणी राजाच्या महालातले पडदे वर्णिले आहेत. पांढरे, निळे, आणि ‘कर्पस’चे. हा कर्पस म्हणजे आपला संस्कृत कर्पास, म्हणजे कापूस. त्याच पुस्तकाच्या पहिल्या ओळीत राजाचं राज्य ‘होदू’पासून कूशपर्यंत होतं असं म्हटलंय, तो होदू म्हणजे हिंदुस्थान. आणि याच पुस्तकात हामान हा वजीर राजाला सांगतो की तुझ्या राज्यात एक जमात सगळीकडे विखुरलेली आहे, तिचे कायदे इतरांहून निराळे आहेत, तिला राहू देण्यात तुझा फायदा नाही. पुढे तो तिच्या संहाराचा हुकूमच मिळवतो. मारच्या दोन हजार वर्षं आधी ज्यूद्वेषाचा मसुदा असा पूर्ण तयार होता: विखुरलेले, वेगळे, नकोत. आणि तो जिथे लिहिला गेला तिथे पडदा आपल्या कापसाचा होता. या पुस्तकाची आठवण म्हणून ज्यू पुरीम साजरा करतात. बेने इस्रायल मंडळी त्याला होळीचा सण म्हणतात. पेसाह या ज्यूंच्या सणाच्या ताटात ‘कर्पस’ नावाची पालेभाजी असते, तो शब्द वेगळा. दोन्हींची गल्लत करू नका.

कापड आणि ज्यूद्वेष यांचा सर्वांत काळा संबंध टाक्याचाच आहे. ज्यूंनी वेगळ्या पोशाखाने ओळखू यावं, असं चर्चच्या परिषदेने 1215 मध्येच ठरवलं होतं. सप्टेंबर 1941 मध्ये नाझी जर्मनीने सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूला पिवळा तारा लावायला लावला. हुकमात मापं होती: तळहाताएवढा, सहा टोकांचा, पिवळं कापड, काळी अक्षरं, डाव्या छातीवर, आणि शिवून पक्का. टाचणी चालणार नाही. म्हणजे आईने सुई ओवायची आणि सहा वर्षांच्या पोराच्या कोटावर तो स्वतःच्या हाताने शिवायचा. व्याप्त फ्रान्समध्ये पुढच्या वर्षी माणशी तीन तारे मिळाले आणि त्यासाठी कापडाच्या रेशनचं एक कूपन कापून घेतलं. हा तपशील मला फार छळतो. कोट, पोलकं, पोराची चड्डी यांसाठी राखलेलं कूपन.

आता ओटी बर्गर. बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेच्या मागशाळेतली ही विणकर आजच्या क्रोएशियातल्या झ्मायेवात्सची. तिला ऐकू कमी येई, आणि कापड डोळ्यांइतकंच हातांनी कळलं पाहिजे असा तिचा आग्रह होता. 1932 मध्ये तिने बर्लिनमध्ये स्वतःची कार्यशाळा काढली, कारखान्यांसाठी नमुने विणले, स्वतःच्या विणीचं पेटंट घेतलं. विणकराचं नाव कापडावर येत नसे त्या काळात तिने ते धरून ठेवलं. तेव्हा जर्मनीत कला किंवा नमुनाकाम करायचं तर सरकारी कलामंडळाचं सदस्यत्व लागे. 1936 मध्ये ज्यू म्हणून तिला ते नाकारलं आणि काम बंद झालं. ती लंडनला गेली, तिथे जम बसला नाही. शिकागोला बोलावणं होतं, व्हिसाची वाट पाहत होती. 1938 मध्ये आजारी आईसाठी गावी परतली आणि अडकली. 1944 मध्ये तिला आउश्वित्सच्या नाझी छावणीत नेऊन मारलं. तिच्या आधीच, 1933 मध्ये, तिचीच सहकारी आनी आल्बर्स अमेरिकेत निसटली होती. आनीचा बाप्तिस्मा झालेला होता, पण ज्यूद्वेष्ट्यांनी विचारला तो वंश, मारने सांगितल्याप्रमाणे. 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात एकट्या विणकरीचं पहिलं प्रदर्शन भरलं ते तिचं.

ओटी बर्गरला कुणी सामावून घ्यायला हवं होतं का? ती त्या मागशाळेचा कणाच होती. जागा तिचीच होती आणि ती तिच्याकडून काढून घेतली गेली. म्हणूनच ‘सामावून घेणे’ तुम्हाला खटकलं, आणि खटकलं ते बरोबर झालं. सामावून घेणारा घरमालक ठरतो आणि जिला घेतलं ती पाहुणी. ‘स्वीकार’चंही तेच. ‘आपलेपणा’ गोड आहे, पण तो मनाचा भाव आहे आणि मन बदलतं. ‘हक्काची जागा’ म्हणा. ती ज्यूंना कुणी बहाल करायची नाही. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस, बव्हेरियातून निघालेला एक ज्यू व्यापारी आणि रिगामधला एक ज्यू शिंपी, यांनी 1873 मध्ये तांब्याच्या रिव्हेटचं पेटंट घेतलं आणि जीन्स जन्मली. न्यूयॉर्कच्या शर्टवेस्ट, म्हणजे बायकांचे ब्लाउज, शिवणाऱ्या मुलींना 1909 मध्ये संपावर नेलं क्लारा लेमलिच या ज्यू पोरीने, यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या भाषणातून. बगदादचा ज्यू व्यापारी डेव्हिड ससून 1832 मध्ये मुंबईत आला आणि त्याच्या घराण्याच्या गिरण्यांत हजारो मराठी माणसं राबली. दादरची इंदू मिल ज्या इंडिया युनायटेड गिरण्यांपैकी, त्या मुळात ई. डी. ससूनच्या. त्या पगारांचं, संपांचं, चाळींचं पुष्कळ बोलायचंय, पण ते दुसरं प्रकरण.

मथळ्यातल्या ‘कम्युनिटी’ला ‘समुदाय’ न लिहिता ‘मंडळी’ लिहिलं तर बोलीत बसेल. कापडकामासाठी ‘विणकाम’ एवढंच लिहू नका, मराठीत त्यात माग आणि सुया दोन्ही येतात आणि गोधडी मात्र सुटते. मथळा असा करता येईल: ‘कापडकाम करणाऱ्या मंडळींतला ज्यूद्वेष आणि ज्यूंची हक्काची जागा’. लांब वाटला तर ‘मंडळींतला’ ऐवजी ‘आपल्यातला’ लिहा, तेवढं धैर्य असेल तर तोच अधिक बरा. टिपणात जिथे ‘त्या बाईंनी सहन केलं’ असं आलंय, तिथे मूळ लेखिकेला विचारून ‘त्यांच्याशी असं वागलं गेलं’ की ‘त्यांच्याशी कोण कसं वागलं’ हे ठरवा. मराठीत करणारा गाळता येतो, आणि अशा ठिकाणी तो गाळू नये.