जपानच्या हायस्कूलमधले क्लब युद्धानंतर अमेरिकेने आणले का?

प्रश्न असा आहे की, अॅनिमेमध्ये बघावं तर शाळा सुटली तरी पोरं घरी जात नाहीत, कुणी बेसबॉल, कुणी ब्रास बँड, कुणी चहाविधी असं काहीतरी करत अंधार पडेपर्यंत शाळेतच असतात, तर हे सगळं दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने बसवून दिलं हे खरं का, आणि त्या सुरुवातीच्या काळात क्लबात नक्की चालायचं काय.

अर्धं खरं आहे. मी जपानी दुभाषी म्हणून काम करते, काही वर्षं टोकियोच्या शेजारी सायतामात राहत होते, आणि माझे घरमालक आजोबा म्हणजे ओजीसान 1950 च्या सुमारास हायस्कूलला होते, त्यामुळे या विषयावर त्यांनी माझं डोकं भरपूर खाल्लंय. माझं मत एका वाक्यात सांगायचं तर क्लब जुनेच होते, अमेरिकेने त्यांना लोकशाहीचं नाव दिलं, आणि वीसेक वर्षांत ते नाव राहिलं बाजूला आणि जुनी शिस्त परत येऊन बसली.

आधी जुनं काय होतं ते बघू. मुलांच्या माध्यमिक शाळांची देशपातळीवरची बेसबॉल स्पर्धा 1915 पासूनची आहे, म्हणजे अमेरिकन सैन्य यायच्या तीस वर्षं आधीपासून. शाळाशाळांत विद्यार्थी-शिक्षकांची मंडळं असायची, त्यांच्याखाली खेळ, वक्तृत्व, संगीत असे विभाग. 1941 मध्ये सरकारने ही मंडळं गुंडाळून त्यांची 'देशसेवा पथकं' केली, आणि पुढे तर वर्गच बंद पडले, मुलं-मुली दारूगोळ्याच्या कारखान्यात. त्यामुळे 1945 च्या ऑगस्टनंतर जी पोरं शाळेत परत आली त्यांना क्लब म्हणजे काहीतरी परदेशी नवलाई वाटली नाही, आपलं हिसकावून घेतलेलं परत मिळालं असं वाटलं.

सगळं परत मिळालं असंही नाही हां. कवायत गेली, आणि 1945 च्या नोव्हेंबरात शाळांमधलं जूदो, केन्दो (बांबूच्या तलवारीने खेळायची झुंज), धनुर्विद्या सगळं बंद करून टाकलं, कारण त्यात लष्करी वास येतो म्हणे. जूदो 1950 मध्ये परत आलं, धनुर्विद्या पुढच्या वर्षी, केन्दोला मात्र 1953 उजाडलं, आणि मधल्या काळात 'शिनाई स्पर्धा' नावाचा एक सौम्य अवतार काढला होता ज्यात पॉइंटवर हारजीत व्हायची, थोडक्यात तलवारबाजीचा आव न आणता तलवारबाजी. गंमत बघा, जपानमध्ये शाळेतून कवायत हद्दपार झालेली असताना आपल्याकडे 1948 मध्ये एनसीसी सुरू होत होती. एक देश हरला होता, एक नुकताच स्वतंत्र झाला होता, दोघांना शाळकरी पोरांकडून वेगवेगळं हवं होतं.

बेसबॉलला कुणाची हरकत नव्हती, उलट अमेरिकनांचा आवडता खेळ. 15 ऑगस्ट 1946, म्हणजे शरणागतीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी देशपातळीवरची स्पर्धा परत सुरू झाली. पण या स्पर्धेचं नेहमीचं कोशिएनचं मैदान अमेरिकन सैन्याच्या ताब्यात, म्हणून सामने निशिनोमिया स्टेडियमवर. टीम तांदूळ सोबत बांधून आल्या होत्या, कारण रेशनच्या दिवसांत मुक्कामाच्या ठिकाणी जेवायला मिळेल याची गॅरंटी नव्हती. ओसाकाची नानिवा शाळा जिंकली.

आता अमेरिकेचा वाटा. 1946 च्या मार्चमध्ये जॉर्ज स्टॉडर्ड यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांचं मंडळ आलं, 1947 मध्ये शिक्षणाचे नवे कायदे झाले, सहा-तीन-तीन वर्षांची रचना आली आणि एप्रिल 1948 मध्ये नवी हायस्कूलं उघडली. बऱ्याच ठिकाणी मुलगे-मुली पहिल्यांदाच एका वर्गात. विद्यार्थी परिषद, होमरूमचा तास (वर्गाने आपल्या शिक्षकांबरोबर बसून वर्गाचे प्रश्न बोलायचा) हे त्यांच्याच वळणाचं, आणि 1951 च्या अभ्यासक्रमात होमरूम, विद्यार्थी सभा, विद्यार्थी परिषद आणि क्लब हे चारही एका मथळ्याखाली आणून शाळेच्या कामाचा अधिकृत भाग केले. कल्पना अशी की पोरांनी आपला अध्यक्ष आपण निवडावा, आपला पैसा आपण वाटावा, वाद घालावा आणि हात वर करून निर्णय घ्यावा, म्हणजे मोठेपणी परत कुणी सेनापती डोक्यावर बसणार नाही.

स्क्वेअर डान्स, म्हणजे जोड्याजोड्यांनी चौकोनात करायचा अमेरिकन नाच, त्याची गोष्ट यातलीच. नागासाकीला नेमणूक झालेला विनफिल्ड निब्लो नावाचा एक अमेरिकन शिक्षण अधिकारी होता, त्याने तिथल्या लोकांना त्याच्या देशातला हा नाच शिकवला आणि बघता बघता तो देशभर पसरला, शाळांमधून फोक डान्स सुरू झाला. ओजीसान सांगायचे की मुलीचा हात धरायचा म्हणून अर्धी मुलं लाजून शेवटच्या रांगेत पळायची, आणि काही जण तर मधे काडी धरायचे, काडीचं एक टोक याच्या हातात, दुसरं तिच्या.

पण ते स्वतः होते वर्तमानपत्र क्लबात, आणि तेसुद्धा रात्रशाळेच्या. दिवसा लेथवर काम, संध्याकाळी साडेपाचला शाळा, क्लब वर्ग संपल्यावर नऊनंतर. हे सांगायचं कारण असं की अॅनिमे बघून वाटतं सगळा जपान हायस्कूलला जात होता, पण 1950 मध्ये पुढे हायस्कूलला जाणाऱ्यांचं प्रमाण होतं 42.5 टक्के, 1960 मध्ये सुद्धा 57.7 टक्केच. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं 1950 मध्ये पंधराव्या वर्षी सरळ कामाला लागली, आणि ज्यांना जमलं ते रात्रशाळेत आले. क्लबाचा इतिहास लिहिताना या निम्म्यांना कुणी मोजत नाही, हा माझा जुना राग.

त्यांनी जपून ठेवलेले दोन-तीन अंक मी हातात घेऊन बघितलेत. कागद पिवळट, खरखरीत, घडीवर तुटायला आलेला. छपाई आपल्याकडे पूर्वी चाचणी परीक्षेचे पेपर सायक्लोस्टाईल करायचे त्याच जातीची, पण सगळी हाताने. खाली खरवडलेली लोखंडी पट्टी, वर मेणकागद, आणि लोखंडी टोकाच्या लेखणीने एकेक अक्षर ओरखडायचं. जोर कमी पडला तर शाई उतरत नाही, जास्त झाला तर कागद फाटतो, आणि जपानी अक्षरात वीस-वीस रेघा असतात, म्हणून ज्याचं अक्षर चांगलं तो क्लबात राजा, मग त्याला बातमी लिहिता येवो न येवो. मग ते चौकटीत ताणून शाईचा रूळ फिरवायचा, एक जण रूळ मारणार, दुसरा कागद उचलणार. शाई नखात जायची ती आठवडाभर निघायची नाही, कारखान्यातल्या ग्रीसमध्ये मिसळून जायची इतकंच.

एका अंकाचा अग्रलेख संध्याकाळच्या जेवणावर आहे. कामावरून थेट शाळेत येणाऱ्या मुलांनी रात्री नऊपर्यंत उपाशी बसायचं का, दिवसाच्या लहान मुलांना शाळेत जेवण मिळतं तर आम्हाला का नाही, असा सरळ सवाल. शेवटची दोन वाक्यं सल्लागार शिक्षकांनी काढायला लावली, त्या जागी कोरा पट्टा तसाच ठेवून या पोरांनी अंक छापला! रात्रीच्या हायस्कूलांत जेवण देण्याचा कायदा 1956 मध्ये झाला. या चार पानांमुळे झाला असं कुणी म्हणणार नाही, पण अमेरिकन मंडळाच्या डोक्यात जी लोकशाही होती ती मला जर कुठे दिसली असेल तर त्या कोऱ्या पट्ट्यात.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते स्पर्धांमुळे. 1948 मध्ये शिक्षण मंत्रालयाने सांगितलं होतं की प्राथमिकच्या मुलांचे बाहेरच्या शाळांशी सामने नकोत आणि हायस्कूलने भर आपल्या भागातल्या सामन्यांवर द्यावा, देशपातळीवर जायचंच तर वर्षातून एकदा. हे शहाणपणाचं होतं, पण क्रीडा संघटनांना ते आवडेना, बंधनं एकेक करून सैल झाली, टोकियो ऑलिम्पिक जवळ आलं, आणि 1963 मध्ये सगळ्या खेळांची एकत्र इंटरहाय, म्हणजे हायस्कूलांची देशपातळीवरची स्पर्धा, सुरू झाली. जिंकायचं म्हटलं की मतदान-बितदान मागे पडतं. वरच्या वर्गातला सेनपाई सांगेल ते धाकट्याने करायचं, पहिलं वर्ष नुसते बॉल गोळा करायचे, हे युद्धाआधीचंच वळण होतं, ते आरामात परत आलं. शिकवणारेही बरेचसे तेच, जुन्या शिस्तीत वाढलेले.

तरी खेळाला नुसती नावं ठेवून चालणार नाही. 1958 ची गोष्ट जपानमध्ये कुणालाही विचारा. ओकिनावा तेव्हा अजून अमेरिकेच्या ताब्यात, तिथली शुरी हायस्कूलची टीम कोशिएनला पहिल्यांदा आली, खेळाडूंना जपानमध्ये यायला प्रवासाची कागदपत्रं लागत होती. पहिल्याच सामन्यात त्सुरुगा हायस्कूलकडून 0-3 हरली. हरलेल्या टीमच्या रिवाजाप्रमाणे मुलांनी मैदानातली माती पिशवीत भरून घेतली, आणि नाहा बंदरात उतरताना ती टाकून द्यावी लागली, कारण ओकिनावाच्या कायद्याने ती 'बाहेरची' माती, पिकांना रोग लागेल. हे वाचून जपान एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींनी कोशिएनवरचे खडे पाठवले, दगडाला तो नियम लागत नव्हता. ते शुरीच्या आवारात स्मारकात बसवलेत. ओकिनावा जपानला परत मिळालं 1972 मध्ये.

विद्यार्थी परिषदेचं काय झालं ते थोडक्यात: 1960 च्या अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्धच्या आंदोलनात हायस्कूलची मुलंही उतरली, दशकाच्या शेवटी काही शाळांत वर्ग अडवण्यापर्यंत गेलं, आणि 1969 च्या ऑक्टोबरात मंत्रालयाने हायस्कूलच्या विद्यार्थ्यांच्या राजकीय हालचालींवर बंधन आणणारी सूचना काढली जी थेट 2015 मध्ये, मतदानाचं वय 18 झाल्यावर मागे घेतली. एवढी वर्षं परिषद म्हणजे मुख्यतः शाळेच्या फेस्टिवलची तयारी.

आणि तुम्ही अॅनिमेत बघता ते 'सगळेच क्लबात' प्रकरण त्यानंतरचं. 1970 च्या अभ्यासक्रमात क्लब हायस्कूललाही सक्तीचा केला, तो तास वेळापत्रकात, आणि शाळा सुटल्यावरचे खरे क्लब वेगळे. 1971 मध्ये कायदा झाला की शिक्षकांना ओव्हरटाइम नाही, त्याऐवजी पगारावर 4 टक्के, म्हणजे रविवारी दिवसभर मुलांना घेऊन मॅचला गेलेल्या सरांच्या हातात तेव्हा काय पडत असेल हिशोब करा. हायस्कूलची सक्ती 1999 च्या बदलात निघाली, शाळेनंतरचे क्लब चालूच आहेत, आणि 2018 मध्ये सरकारला सांगावं लागलं की आठवड्यात किमान दोन दिवस सुट्टी द्या आणि शाळेच्या दिवशी दोन तासांवर सराव नको. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेला विचारलं की आता दोन तासांत आटपतं का, तर म्हणाली, कागदावर आटपतं, त्यानंतरचं 'स्वेच्छेने' असतं.