कार्बन डायऑक्साइड-इथेनॉल मिश्रणाचा वर्णपट घेताना

शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू (ज्याच्या वर द्रव आणि वायू असे वेगळे थर राहत नाहीत) ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बारच्या आसपास, पण इथेनॉल मिसळलंस की तो वर सरकतो. त्यामुळे ३५ अंशांवरही कमी दाबाला सेलमध्ये, म्हणजे नमुना ठेवायच्या बंद कुपीत, दोन थर असू शकतात, आणि किरण कुठल्या थरातून गेला हे आकड्यांवरून कळत नाही. आधी नीट ढवळ, मग नीलमणी काचेतून कॅमेऱ्याने बघ. उच्चदाबाच्या खिडकीला डोळा कधीही लावू नकोस! क्रांतिक बिंदूजवळ मिश्रण दुधाळ होतं. तिथे प्रकाश विखुरतो, शोषला जात नाही. त्यामुळे वाढलेलं दिसणारं शोषण मिश्रणात विरघळवलेल्या रंगद्रव्याच्या (नाईल रेडच्या) खात्यावर टाकू नकोस. बेसलाइन (वजा करायचं तुलनेचं मोजमाप) रिकाम्या सेलची नको, रंगद्रव्याविना त्याच मिश्रणाची, त्याच दाब-तापमानाला घे. नाईल रेडचं शोषण-शिखर, जे भोवतालच्या द्रावकानुसार जागा बदलतं, सरकलं तर घाई नको: इथेनॉल रंगद्रव्याभोवती जास्त गोळा होतं, म्हणून शिखरावरून सबंध मिश्रणाचं प्रमाण काढता येत नाही.